माता-पालक मेळाव्यातला एकटा दादा

हसू नका यार, पण मी एकदा हळदीकुंकवाला जाऊन आलोय. मालाडला, आमच्या सायलीच्या शाळेत. संक्रांतीचा माता-पालक मेळावा होता, सातवीचा. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. सायली म्हणाली, "दादा, तू ये ना. सगळ्यांचं कोणीतरी येतं."

गेलो. हॉलभर साड्या आणि त्यात मी एकटा पँट-शर्टवाला. शेजारच्या काकूंनी विचारलं, "भाऊ, माइक कधी चालू करताय?" मी सायलीचा भाऊ आहे, एवढंही मला सांगता आलं नाही. उठलो, माइक लावून दिला आणि तिथेच भिंतीला टेकून उभा राहिलो.

मॅडम हळदीकुंकू लावत माझ्या रिकाम्या खुर्चीशी आल्या. तिच्यावर सायलीच्या नावाची चिठ्ठी होती; ती वाचून त्यांनी मुलींच्या रांगेकडे बघितलं. "सायलीकडचं कोणीच नाही आलं का गं?"

मी भिंतीपासूनच हात वर केला. मॅडमच्या बोटावरची हळद तशीच राहिली. "अगंबाई, आता तुम्हाला कसं लावू?" बायका हसल्या. पळून जायला मला दारही दिसेना.

तेवढ्यात सायली मुलींच्या रांगेतून उठली. मॅडमसमोर जाऊन तिने कपाळ पुढे केलं.

"मला लावा मॅडम. आमच्या घरातली बाई मीच आहे."