स्पिरिटचा बोळा

मुलांनो, बस डेपोतली एक खोली डोळ्यांसमोर आणा. गाडी बाहेर काढण्याआधी प्रत्येक ड्रायव्हर तिथे दारू तपासायच्या यंत्रात फुंकतो. दाराजवळच्या बाकावर दप्तर मांडीवर घेऊन चिमणी बसली आहे. तिच्या बाबांनी नुकतंच फुंकलं, यंत्र केकाटलं, आणि टेबलामागचे साहेब म्हणाले,

"चावी ठेवा टेबलावर. निलंबनाची ऑर्डर घरी येईल."

"साहेब, मी आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही."

"सगळे हेच म्हणतात. यंत्र खोटं बोलत नाही."

"म्हणजे मी बोलतो? लेकीसमोर मला दारुडा ठरवताय?"

"आवाज खाली."

"आधी सांगा, मला फुंकायला जुनी नळी का दिलीत?"

"नव्या संपल्या. मग आधीच्याची पुसून दिली. चांगली स्पिरिटने पुसली."

"सुकू दिलीत?"

"बाहेर रांग लागलीये. फुंकर घालत बसू?"

"अहो, स्पिरिट म्हणजे अल्कोहोलच. यंत्राने तेच पकडलं. नळी सुकू द्या, मी पुन्हा फुंकतो."

"एकदा फुंकलं की झालं. चोर तो चोर, वर शिरजोर."

"चोर? तुमच्या आळसापायी माझी नोकरी जातेय, आणि चोर मी?"

"मला शिकवू नका. मी दारूला शिवतसुद्धा नाही."

चिमणी बाकावरून उतरली. टेबलावरचा कापसाचा बोळा तिने स्पिरिटच्या बाटलीत बुडवला, साहेबांनी पुसली होती तशीच नळी पुसली आणि यंत्र त्यांच्या तोंडासमोर धरलं.

"काका, आता तुम्ही फुंका."