अंबूबाईच्या ओव्या

(लोणावळ्यात, गडकोटांवरचे प्रसिद्ध व्याख्याते स्वराज यांच्या घरी. समोर श्रीपतीआबा, निवृत्त ग्रंथपाल.)

श्रीपती : मिटवलं म्हणजे? परवा तर माझी साक्ष व्हायची होती.

स्वराज : आता गरजच नाही, आबा. लोहगडवाडीच्या चंपानं काल दावा मागे घेतला. तुमची दगदग वाचली.

श्रीपती : दगदगीचं काय एवढं. एकच तर वाक्य म्हणायचं होतं. स्वराजच्या पुस्तकातल्या ओव्या त्याच्या आजीच्याच आहेत. मग निकाल का नाही लागू दिलास? तू खरा होतास ना?

स्वराज : आबा, मी लोकांसमोरचा माणूस. केस पाच-सात वर्षं चालली असती. प्रत्येक तारखेला टीव्हीवर तेच, ‘ओव्या चोरल्या?’ पुढचं प्रश्नचिन्ह कोण बघतंय? जिंकलो असतो तोवर आयोजकांनी दुसरा वक्ता धरला असता. आधी नाव सांभाळायचं. खरं-खोटं नंतर.

श्रीपती : हं. तसं पटतंय. मला यातलं फार कळत नाही. पण आजीचं रेकॉर्डिंग होतं ना तुझ्याकडे? ते नुसतं ऐकवलं असतंस तर...

स्वराज : वकील नको म्हणाले. तिथे प्रश्न सुरू झाले की थांबत नाहीत.

श्रीपती : विचारू देत की.

स्वराज : चहा गार होतोय, आबा.

श्रीपती : तुझ्या पुस्तकाला प्रस्तावना माझी आहे, स्वराज. चंपा माझ्या दारात आली होती. म्हणाली, “आबा, ह्या माज्या आयच्या ओव्या हायेत, अंबूबाईच्या. त्यो आमच्या टपरीवर बसून समदं टेप करून गेलता.” मी तिला म्हणालो, खोटं बोलतेस. असं मी कुणाला कधी बोललो नव्हतो.

स्वराज : अहो, त्याचाच तर उपयोग झाला! वकिलांनी तिला सांगितलं, श्रीपतीआबा साक्षीला उभे राहणार. मावळात त्यांच्या शब्दापुढे तुझं कोण ऐकणार? रडली थोडी, पण केली सही. खरंच, थँक यू आबा.

श्रीपती : म्हणजे मला कोर्टात न्यायचंच नव्हतं. नुसतं तिला दाखवायचं होतं.

स्वराज : तसं नाही हो.

श्रीपती : आजीचं रेकॉर्डिंग आहे का?

स्वराज : त्यावर आता कुणीच काही बोलायचं नाही, असं लेखी ठरलंय. तिनं नाही, मी नाही.

श्रीपती : माझी सही नाही त्यावर.

स्वराज : आबा, बसा. निघालात कुठे?

श्रीपती : लोहगडवाडीला.

स्वराज : उपयोग नाही. ती तोंड उघडणार नाही.

श्रीपती : तिला काही विचारायचं नाहीये. तिला बोललो होतो, ते परत घ्यायचंय. टपरीवर जी माणसं असतील, त्यांच्यासमोर.