आबाच्या मांडीवरची गोळी

तालमीतल्या ज्या फोटोला तुम्ही येता-जाता नमस्कार करताय, तो माझा चुलता, आबा. दुसऱ्या महायुद्धात इटलीला लढून आलेला. डाव्या मांडीवरचा वण दाखवून त्यानं सगळी मंगळवार पेठ दमवली होती. "जर्मनाची गोळी हाय!" म्हणायचा. जिवंतपणी तालमीत आपला फोटो लागावा, एवढीच त्याची इच्छा. तालीमवाले तयार होते, पण मीच काडी घातली. म्हटलं, "आधी मिलिटरीकडनं कागद तर मागवू की!"

सहा महिन्यांनी कागद आला. इंग्रजी आमच्या बापाला येत न्हाय, म्हणून हायस्कूलच्या मास्तरांना तालमीत बोलावलं. सगळ्यांसमोर ते एकेक ओळ मराठीत सांगू लागले. इटली खरी निघाली. आबाची छाती फुगली. पुढं मास्तर अडखळले.

"हे भरतीच्या दिवशी लिहिलंय. ओळखीची खूण: डाव्या मांडीवर कुत्रं चावल्याचा जुना वण."

सगळी तालीम आबाच्या मांडीकडं बघाय लागली. मी म्हटलं, "आबा, गोळी लागायच्या आधीच वण?"

आबानं धोतर सावरलं आणि माझ्यावरच खेकसला, "व्हय की! न्हायतर एवढ्या लांबनं जर्मनानं नेम कशावर धरला असता, येड्या?"