बेकरीतला आदिमानव

…आणि वर बायको मलाच विचारते, "अहो, तोंड का असं उतरलंय?" आता तुम्हीच सांगा, माणूस पहाटेपासून भट्टीपुढे उभा आहे, समोर ट्रेवर ट्रे निघतायत, बन, टोस्ट, बिस्किटं, वासाने रस्त्यावरची कुत्रीसुद्धा दारात येऊन बसतात, आणि त्या माणसाच्या डब्यात काय, तर दोन उकडलेली अंडी आणि काकडी! तोंड उतरणार नाही तर काय होईल? दारू सोडलेल्या माणसाला गुत्त्यावर बसवावं, तशी माझी गत झालीये. आणि गुत्ता पुन्हा स्वतःचाच.

झालं काय, डॉक्टर नुसतं म्हणाले होते, "साखर काठावर आहे, गोड जरा कमी करा, चालत जा." एवढंच. मी कमी केलं असतं, चाललोही असतो, निदान चालतो असं सांगितलं तरी असतं. पण तेवढ्यात आमचा मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ. हा दरवर्षी काहीतरी सोडतो. एक वर्ष मीठ सोडलं, एक वर्ष चप्पल सोडली, मध्यंतरी नोकरी सोडली. या वर्षी धान्य. सोफ्यावर मांडी घालून बसला आणि म्हणतो कसा, "भाऊजी, माणूस लाखो वर्षं शिकार करून जगला. शेती ही कालची गोष्ट. गहू म्हणजे विष आहे, विष." बेकरीवाल्याच्या घरात बसून! अरे, ज्या सोफ्यावर तू बसलायस तो त्या विषावरच आलाय… पण मेहुण्याला कोण बोलणार? मी बायकोकडे बघितलं, म्हटलं ही तरी हसेल. ही मान डोलावत होती.

दुसऱ्या दिवसापासून घरात एकच प्रश्न. चहात साखर घालायला गेलो, की "आदिमानवाने घातली असती का?" बिस्किटाच्या डब्याकडे नुसतं बघितलं, की "आदिमानवाने खाल्लं असतं का?" फ्लॉवर किसायचा, परतायचा आणि ताटात वाढून म्हणायचं, "भात समजून खा." अहो, समजून कसा खाऊ? उद्या मी शेजारणीला… नको, जाऊ दे, बायको ऐकत असेल. आणि हा आदिमानव कोण एवढा लागून गेला? तो पन्नाशी बघायचा तरी का? त्याला मध्येच वाघ खायचा. वाघाला नाही कोणी विचारलं, की बाबा रे, तुझी साखर काठावर आहे का?

मी एकदा धीर करून म्हटलं, "अगं, गहू विष आहे, तर मग आपण गल्ल्यावर बसून लोकांना काय विकतो?" कारण गल्ल्यावर हीच बसते. हसून हसून बन बांधून देते, वर दोन बिस्किटं चाखायला देते. तर म्हणाली, "त्यांच्या घरी त्यांची माणसं आहेत बघायला. मला तुम्ही एकच आहात." माणूस प्रेमाने मारत असेल तर ओरडताही येत नाही.

पण तुम्हाला सांगतो, खरी पंचाईत पुढेच आहे. आमच्या धंद्यात मीठ उशिरा घालतात. आधी पीठ, पाणी, यीस्ट, ते जरा जोर धरू द्यायचं आणि मग मीठ. त्यामुळे ते विसरायला अगदी सोपं. म्हणून माझे वडील पिठाची चिमूट तोडून जिभेवर ठेवायचे, मीही ठेवतो. पहिला ट्रे निघाला की एक बन मोडून खायचा, मगच बाकीचा माल बाहेर. आमची जीभ हेच आमचं यंत्र. आणि ही बाई माझ्या मागे उभी! चिमूट जिभेवर ठेवली रे ठेवली, की "थुंका." अगं, चव बघतोय. "थुंका म्हटलं ना. आदिमानव चव बघत होता का?" थुंकलो. काय करता? सगळे कामगार बघत होते. मग मी चव घेणंच सोडलं.

आणि व्हायचं तेच झालं. त्या दिवशी पीठ असं फुगलं, असं फुगलं, की मी खूश. म्हटलं, डाएट माझ्या हातांना मानवलं. आता मीठ नसलं की पीठ असंच मोकाट सुटतं, हे मला कळायला नको? चाळीस वर्षं हेच करतोय! बन भट्टीतून निघाले ते आजाऱ्यासारखे फिके. तरी मी म्हणतो, आच कमी पडली असेल. माल गेला हॉटेलात. हे कोपऱ्यावरचं हॉटेल म्हणजे आमचा अर्धा धंदा, बरं का. ते गिऱ्हाईक तुटलं तर भट्टी एक दिवसाआड पेटवायची पाळी.

नाश्त्याची गर्दी ओसरली आणि हॉटेलवाला स्वतः चालत आला. हातात एक बन. ओरडला असता तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाला, "शेठ, हे खाऊन बघा." मी बनाकडे बघतो, बायको माझ्याकडे बघते. मी बन नाकाला लावला. म्हटलं, "वास छान आहे." "वास नाही विचारला. खा." मी दाबून बघितला. म्हटलं, "मऊ आहे." तो म्हणाला, "स्वतःचा माल स्वतः खात नाही, तो मी लोकांना का खायला घालू? उद्यापासून दुसरीकडून मागवतो." खाल्ला तर घर जातं, नाही खाल्ला तर धंदा जातो. मी तोंड उघडलं, तेवढ्यात…

"द्या इकडे." बायको. बन माझ्या हातातून काढून घेतला आणि खाल्ला एक घास. तिने त्या मेहुण्याच्या नादाने किती दिवसांत गव्हाचा कण खाल्ला नव्हता, तुम्हाला कल्पना नाही. डोळे मिटले. चावतेय, चावतेय… "मीठ नाहीये," म्हणाली. आणि दुसरा घास घेतला. "खात्री करते." मग तिसरा. मीठ नसलेला, फिका, गार झालेला बन, आणि बाई अशी खातेय की हॉटेलवाल्यालाच वाटायला लागलं, आपलीच जीभ बिघडली की काय. म्हणाला, "वहिनी, तसा वाईट नाहीये ना?" ही म्हणाली, "वाईटच आहे. भाऊ, चूक आमची. आत्ता ताजा माल देते, आणि उद्यापासून प्रत्येक ट्रेची चव घेतल्याशिवाय एक बन बाहेर जाणार नाही." तो निवळला. गिऱ्हाईक वाचलं.

मी म्हटलं, चला, सुटलो! चव तर मीच घेणार! तर म्हणाली, "तुम्ही नाही. तुमचं चांगलं चाललंय, पट्टा दोन भोकं आत गेलाय, आता मोडू नका. चव मी घेईन. धंद्यासाठी एवढं करायलाच हवं मला."

करतेय. तुम्हाला सांगतो, जीव ओतून करतेय. बनाची चव घेते, टोस्टची घेते, बिस्किटांची दोनदा घेते कारण पहिलं तुटकं निघतं. केकची कडेने वेगळी आणि मधून वेगळी, म्हणे मध्ये कच्चा राहतो. मेहुणा आला होता, तोही आता बहिणीला मदत करतो. मी आपला बाजूला अंडं सोलत उभा.

काल राहवलं नाही. तिच्या तोंडात केकचा घास होता, तेवढ्यात विचारलंच, "काय गं, आदिमानवाने खाल्लं असतं का?"

शांतपणे घास गिळला, बोट चाटलं आणि म्हणाली, "तो जायचा शिकारीला. मागे गुहेत ती काय खायची, ते कोणी बघितलंय?"

मी पिशवी घेतली आणि निघालो. अंडी संपलीत.