तारीख छापणारा कॅमेरा

मी श्रद्धा विनायक बोरकुटे, वय २७ वर्षे, व्यवसाय नोकरी (आयटी कंपनी), सध्या राहणार वाघोली, पुणे, मूळ गाव वणी, जि. यवतमाळ. पोलीस चौकीत समक्ष हजर राहून जबाब देते की,

मी वरील ठिकाणी भाड्याच्या फ्लॅटमध्ये मैत्रीण शेफाली हिच्यासोबत राहते.

गेल्या महिन्यात ऑनलाइन जाहिरात पाहून मी इंद्रजीत नावाच्या इसमाकडून जुना रोलचा कॅमेरा विकत घेतला. तो घरी घेऊन आला होता. त्याच्याकडे त्याच कॅमेऱ्याचे दोन प्रकार होते, एक साधा व दुसरा फोटोवर तारीख छापणारा. समोरून दोन्ही सारखेच दिसतात. मी साधा घेतला. तो म्हणाला, "यात फोकस जुळवायचा नसतो. फक्त चार फुटांच्या आत जाऊ नका, चेहरा धूसर येतो." शेफालीने त्याला चहा दिला.

त्यानंतर घरातील माझ्या वस्तू जागेवर सापडेनात. म्हणून या महिन्याच्या ९ तारखेला मी दाराचे कुलूप बदलले. नव्या किल्ल्या दोनच आहेत. एक माझ्याकडे, एक शेफालीकडे.

काल मी कपाटावरचा कॅमेरा कसबा पेठेतील स्टुडिओत रोल धुण्यासाठी दिला. आज मालक बाबुराव म्हणाले, "ताई, तुमचा कॅमेरा तारीख छापतो." मी नाही म्हणाले. त्यांनी पाठीमागचे झाकण दाखवले. त्यावर तारखेची पट्टी होती. तो माझा कॅमेरा नव्हता.

रोलमध्ये मी काढलेला एकही फोटो नाही. सर्व फोटोंत मी आहे. सोसायटीच्या गेटवर, बसथांब्यावर, बाल्कनीत कपडे वाळत घालताना. शेवटचा घरातला आहे. त्यावर छापलेले वर्ष चुकीचे आहे, पण तारीख याच महिन्याची १२ आहे. त्या दिवशी मला ताप होता. मी दुपारी खिडकीजवळ झोपले होते. दाराचे कुलूप आतून लावलेले होते. फोटोत माझ्यामागची खिडकीची जाळी स्पष्ट आहे. माझा चेहरा धूसर आहे.

बाबुराव म्हणाले, "घरी जाऊ नका. आधी चौकीत जा." तरी मी घरी गेले.

इंद्रजीतचा फोन बंद आहे. शेफाली म्हणाली, "माझी किल्ली माझ्याकडेच आहे." मी दाखव म्हणाले. ती म्हणाली, "तू माझ्यावर संशय घेतेस?" आणि खोलीत गेली. किल्ली दाखवली नाही.

आजपासून मी येरवड्यास मावशीकडे राहणार आहे. तो पत्ता शेफालीला सांगितलेला नाही. तो या कागदावरही लिहू नये, अशी विनंती आहे.

हा जबाब अंमलदारांनी मला मराठीत वाचून दाखवला. मी सांगितले तसाच लिहिला आहे, म्हणून सही करते.