किरकोळ माल

(सावर्डे. महामार्गालगत लीलाबाईंचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस. दारात एक भरलेला ट्रक.)

लीलाबाई: काशीराम आमच्या बैलगाड्या हाकायचा. त्याचा शिवा सासऱ्यांच्या पहिल्या ट्रकवर हमाल, शिवाचा रघू ड्रायव्हर. आणि तू, रघूचा श्रीपती, ऐन भरभराटीत गाडी सोडतोस?

श्रीपती: भरभराट कसली, वहिनी?

लीलाबाई: या महिन्यात मुंबईच्या एकवीस फेऱ्या! गेल्या साली नऊ होत्या. गाड्या भरून जाऊ लागल्या की मुलूख सावरला समजावं, हे मला सासऱ्यांनी शिकवलं आहे. माझ्या थोरल्याला, अनिलला कालच म्हटलं, दुसरी गाडी घेऊ.

श्रीपती: बिल्ट्यांवर माल काय लिवलाय, बघितलंत?

लीलाबाई: सगळीकडे तुझ्याच अक्षरात 'किरकोळ माल'.

श्रीपती: संसार व्हते, वहिनी. कपाटं, पाटे, देव्हारे. देवरूखच्या वरच्या एका वाडीतलीच सात घरं. येताना गाडी मोकळी. तुमाला सोसायचं नाय, म्हणून किरकोळ लिवलं.

लीलाबाई: एकवीस घरं... आणि मी पेढे वाटले रे. इतकं लपवलंस! मी तुझी कोणीच लागत नाही?

श्रीपती: बाविसावं दारात हाय. माजं. ही गेल्यापासनं घरात चूल नाय. पोरानं, रितेशनं विरारला खोली घेतलीय. गाडी नवा डायवर गुरुप्रसाद चालवील. मी आज पैल्यांदाच बाजूच्या सीटवर.

(लीलाबाई दाराशी जाऊन भरलेल्या ट्रककडे बघतात.)

श्रीपती: भाडं घ्या, वहिनी. फुकट नको.

लीलाबाई: हे गेले, तेव्हा परळहून मला, दोन पोरांना आणि माझ्या भांड्यांना कोणी आणलं?

श्रीपती: ती परतीची फेरी व्हती. मोकळ्या गाडीला भाडं कसलं?

लीलाबाई: मोकळी नव्हती. व्यापाऱ्याचा माल तिथेच उतरवून तू माझा संसार भरलास. सासऱ्यांनी तीन महिने तुला गाडीवर चढू दिलं नाही. रघूनं सांगितलं मला, मरताना. तू कधी अवाक्षर काढलं नाहीस.

श्रीपती: जुनी गोष्ट ती.

लीलाबाई: बिल्टी इकडे दे. मी लिहिते.

श्रीपती: माल किरकोळच लिवा.

लीलाबाई: मुळीच नाही. माल: संसार, एक. भाडं: परळलाच पोचलं. ही घे तुझी प्रत.

श्रीपती: म्हंजे फिटलं, वहिनी?

लीलाबाई: फिटलं. आता मी तुझं काही लागत नाही, श्रीपती.