माळ्यावरची पाकिटं

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा, तालुका कृषी अधिकारी प्रतिभा मॅडम, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, आज सेवानिवृत्त होत असलेले आपले कृषी सहायक सहादू बोरस्ते साहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, आणि दिंडोरी तालुक्यातून हातातली कामं टाकून आलेल्या माझ्या शेतकरी बंधू-भगिनींनो,

मी कोंडाजी. खतं-बियाण्यांचा दुकानदार. दुकानदाराच्या हाती माईक दिला की तो भाव सांगत सुटतो, असं मघाशी मागून कुणीतरी म्हणालं. ऐकलं बरं का मी! आज भाव सांगणार नाही.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी हळहळ व्यक्त केली. एवढा जाणता माणूस, पण कृषी सहायक म्हणून लागला आणि कृषी सहायक म्हणूनच निवृत्त झाला. बढती का नाही मिळाली? मंडळी, ते मला माहीत आहे. म्हणून तर उभा राहिलोय.

गोष्ट आहे शहाण्णव सालची. आपल्या गावात सोयाबीन तेव्हा नवीन. साहेब बांधाबांधावर सांगत फिरायचे, की या पिकाच्या मुळांवर बारीक गाठी येतात, गाठीत जिवाणू राहतात. झाड त्यांना साखर देतं, ते हवेतलं नत्र धरून झाडाला देतात. हरभऱ्याचे जिवाणू आपल्या मातीत आहेत, सोयाबीनचे नाहीत. ते पाकिटातून आणायचे, गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळायचे, बी सावलीत सुकवायचं आणि पेरायचं. मग युरियाची गरज नाही.

पाकिटं मेमध्येच माझ्या दुकानात आली. साहेब स्वतः सांगून गेले, "कोंडाजी, ही जित्राबं आहेत. माठाजवळ गारव्याला ठेव." मी हसलो. माठाजवळ माझ्या सरबताच्या बाटल्या होत्या ना! पाकिटं गेली माळ्यावर, पत्र्याखाली. मे महिन्यातला पत्रा कसा तापतो, ते तुम्हाला मी काय सांगावं?

कुसाबाईंनी तीच पाकिटं नेली. त्या इथंच बसल्यात, पुढून दुसऱ्या रांगेत. साहेबांच्या शब्दावर त्यांनी एकरभर रानात युरियाचा एक दाणा टाकला नाही. ऑगस्टमध्ये शेजाऱ्याचं सोयाबीन हिरवंगार आणि ह्यांचं हळदीसारखं पिवळं. भर ग्रामसभेत त्यांनी झाडं उपटून टेबलावर टाकली. "सायेब, पाकिटातून नुसती काळी माती दिली व्हय? तुमच्या शब्दावर म्या गप राह्यले. आता पोरांना काय घालू?"

साहेबांनी मुळं बोटांनी चाचपली. एक गाठ नव्हती. माझ्याकडे त्यांनी एकदाच बघितलं. मी पायातल्या चपला बघत होतो. मग म्हणाले, "ताई, सल्ला माझा होता. जबाबदारी माझी."

तक्रार वर गेली. 'निकृष्ट जिवाणू खत वाटले' असा शेरा साहेबांच्या गोपनीय अहवालात बसला आणि बढतीची यादी त्यांना सोडून पुढे गेली. आणि मी? मी माळा झाडून घेतला, उरलेली पाकिटं उकिरड्यात पुरली आणि गप्प बसलो. आठ वर्षं! साहेब दुकानात आले की मी चहा सांगायचो, दुसरं काय. साहेब मात्र पुढच्याच पेरणीला ओल्या गोणपाटात गुंडाळलेली पाकिटं घेऊन लुनावर कुसाबाईंच्या दारात गेले, स्वतःच्या हातानं बियाण्याला चोळून आले.

आज हार-तुऱ्याऐवजी साहेबांना सोयाबीनचं झाड द्यावं, म्हणून सकाळी मी कुसाबाईंकडे गेलो. तिथं माझ्याच्यानं राहवेना. सगळं सांगितलं.  बाई म्हणाल्या, "मला कशाला सांगतो? माझी त्या साली उपासमार झाली, ती झाली. पण सायबाला म्या चारचौघांत बोलले. आधी तू चारचौघांत बोल, कागदावर लिव्ह. झाड मंग देते."

बोललो चारचौघांत, कागदही खिशात आहे. द्या बाई, आता ते झाड इकडं द्या... हे बघा. मुळांवर गाठीच गाठी. ही एक नखानं फोडतो... आतून गुलाबी आहे, साहेब. जिवंत आहे.

मॅडम, आता चार वाजलेत. साडेपाचपर्यंत साहेब नोकरीत आहेत. हा माझा सहीचा अर्ज, पाकिटातले जिवाणू कुणी मारले ते यात लिहिलंय. गेलेली बढती येणार नाही, ते कळतं मला. पण शेरा खोडायचं बघा. माझ्या दुकानाच्या परवान्याचं जे व्हायचं ते होऊ द्या.

आपण एवढा वेळ ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर ते आपण सर्वांनी पोटात घालावं. साहेबांची माफी मात्र मी भाषणाच्या शेवटी रीत म्हणून मागणार नाही. ती त्या ग्रामसभेत मागायची होती, आणि मी तिथं हजर होतो.

मॅडम, अर्जाची तेवढी पोच द्या. कुसाबाईंना दाखवायची आहे.